मान टाकलेला डायनासोर : वुई आर बॅक आणि १९९३ ची परेड

गोगलगाय (धागाकर्ती)

पुतणी परवा विचारत होती, "आत्या, तू पहिला डायनासोर कुठे पाहिलास?" माझ्या वयाची माणसं 'ज्युरासिक पार्क' म्हणून मोकळी होतात. हिंदीत डब केलेला, १९९४ चा, गावातल्या थेटरात. मी मात्र पहिला डायनासोर ब्रॉडवेच्या फुटपाथवर उभी राहून पाहिला. तो केशरी होता, चार मजली होता आणि त्याने मान टाकलेली होती.

बाबांची बदली जर्सी सिटीला झाली होती, मी चौथीत होते. नोव्हेंबरातल्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी. शेजारच्या बेन म्हणाल्या, पोरीला मेसीजची परेड दाखवा (मेसीज हे न्यूयॉर्कातलं भलंमोठं दुकान, त्याची त्या दिवशी मिरवणूक निघते). जर्नल स्क्वेअरहून पाथ ट्रेन पकडून ३३ व्या रस्त्याला उतरलो आणि चालत वर गेलो. आईने कोटावर शाल घेतली होती आणि डब्यात थालीपीठं होती. तारीख २५ नोव्हेंबर १९९३. वारा असा की थालीपीठाचा कागद हातातून उडाला.

आदल्याच दिवशी 'वुई आर बॅक' नावाचा डायनासोरांचा कार्टून सिनेमा लागला होता. त्याची जाहिरात म्हणून त्यातल्या हिरोचा, रेक्सचा, भलामोठा हेलियमचा फुगा परेडमध्ये होता. तो आमच्यापर्यंत आला तोवर वाटेतच त्याचं डोकं फाटलं होतं. धड टुमटुमीत, आणि वर डोक्याच्या जागी रिकामं पोतं लोंबतंय. खाली दोऱ्या धरलेली माणसं चालतच होती. त्यांनी तरी काय करायचं? मी भोकाड पसरलं. बाबा म्हणाले, "अगं झोपलाय तो, रात्रभर जागा होता ना."

सिनेमा पुढच्या वर्षी वाचनालयातून कॅसेट आणून पाहिला. आणि तेव्हा मी हादरलेच, कारण सिनेमातही हीच परेड आहे! खरे डायनासोर न्यूयॉर्कात येतात, लोक घाबरतील म्हणून मेसीजच्या परेडमध्ये खोटे बनून नाचतात. तिथे डायनासोरचा एक फुगाही आहे. त्या फुग्याची हवा जाते आणि गर्दीला कळतं की बाकीचे खरे आहेत. मग एकच पळापळ.

म्हणजे त्यांनी पडद्यावर जे दाखवलं, तेच रस्त्यावर त्यांच्या जाहिरातीचं झालं. हे इथे कुणाला आठवतंय का? सिनेमातलं मला आज धड काही आठवत नाही. फुगा मात्र अजून स्वप्नात येतो.

वसईवाला

पयला! सिनेमा पाहिलेला नाही, पण धागा आवडला. थालीपीठाचं पुढे काय झालं?

गोगलगाय

थंड झालं. तरी खाल्लं.

चष्मिष्ट

आमच्याकडे केबलवाला हा सिनेमा लावायचा, त्यामुळे पाठ आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात:

कॅप्टन न्यूआईज नावाचा एक भला माणूस काळात मागे जातो, डायनासोरांना 'ब्रेन ग्रेन' नावाचं सीरियल खायला घालतो आणि ते एकदम शहाणे नि बोलके होतात. मग त्यांना आजच्या न्यूयॉर्कात आणून सोडतो, कारण तिथल्या पोरांची इच्छा आहे की खरा डायनासोर बघायचा. पोचायचं आहे नॅचरल हिस्टरी म्युझियमला. वाटेत लुई आणि सेसिलिया ही दोन एकटी पोरं भेटतात, आणि न्यूआईजचा दुष्ट भाऊ प्रोफेसर स्क्रूआईज, ज्याची भयंकर सर्कस आहे. एका डोळ्याच्या जागी स्क्रू. शेवटी अंधारात कावळे त्याच्यावर बसतात आणि उडतात तेव्हा फक्त तो स्क्रू उरतो. मुलांच्या सिनेमात! मी दुसरीत होतो. अजून कावळ्यांचा थवा दिसला की पोटात गोळा येतो.

हडसन टॅलबट यांच्या १९८७ च्या चित्रपुस्तकावरून घेतलाय. निर्मिती स्पीलबर्गच्या लंडनमधल्या ॲम्ब्लिमेशन स्टुडिओची. आता गंमत बघा: १९९३ च्या जूनमध्ये त्याचा ज्युरासिक पार्क, नोव्हेंबरात हा, डिसेंबरात शिंडलर्स लिस्ट. एकाच वर्षात एकाच माणसाच्या नावावर माणसं खाणारा टी-रेक्सही आणि पोरांना मिठी मारणारा टी-रेक्सही. लोकांनी कुठला निवडला ते सांगायला नको. पहिल्याने जगभरात ९० कोटी डॉलरच्या वर कमावले, दुसऱ्याला अमेरिकेत एक कोटीही गाठता आले नाहीत. ॲम्ब्लिमेशनने एकूण तीनच सिनेमे काढले, १९९५ चा बाल्टो शेवटचा, मग स्टुडिओ बंद. तिथली बरीच मंडळी ड्रीमवर्क्समध्ये गेली.

कडू कारलं

सणासुदीला रस्ता अडवून सिनेमाची जाहिरात करायची आणि त्याला परंपरा म्हणायचं. आपल्याकडे दहीहंडीला पुढाऱ्यांचे फलक लागतात तर सगळे नाकं मुरडतात, अमेरिकेत तेच केलं की डोळे पाणावतात. फुगा फाटला तर फाटला. जाहिरातीचाच होता.

सोनचाफा

कारलेबुवा आले का, मग धागा शंभरी गाठणार. :)

पार्ल्याचा काका

गोगलगाय, एक गंमत सांगतो, जी फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. यातल्या उडणाऱ्या एल्साचा आवाज फेलिसिटी केंडलचा आहे. ही जेनिफर केंडलची धाकटी बहीण, म्हणजे शशी कपूरची मेहुणी! वडिलांच्या शेक्सपियराना नाटक कंपनीबरोबर तिचं सगळं बालपण हिंदुस्थानात फिरण्यात गेलं. १९६५ च्या 'शेक्सपियरवाला'त ती शशी कपूरसमोर नायिका होती. आम्ही जुहूला पृथ्वीत नाटक बघायला जायचो (१९७८ ला सुरू झालं ते, शशी-जेनिफरनेच उभं केलं), तेव्हा बाहेर चहा पिताना हे विषय निघायचे. त्या घरातली पोरगी पुढे स्पीलबर्गच्या कार्टूनमध्ये टेरोडॅक्टिल झाली.

बाकी आवाजही अचाट आहेत. रेक्स म्हणजे जॉन गुडमन. कॅप्टन न्यूआईज म्हणजे वॉल्टर क्रॉन्काइट, अमेरिकेला वर्षानुवर्षं रोज रात्री बातम्या सांगणारा माणूस. आणि म्युझियमच्या डॉक्टरीणबाई म्हणजे ज्युलिया चाइल्ड, टीव्हीवर फ्रेंच स्वयंपाक शिकवणारी. म्हणजे आपल्याकडे प्रदीप भिडे कप्तान आणि कमलाबाई ओगले म्युझियमच्या क्युरेटर, असं काहीसं.

सोनचाफा

काका, तो सिनेमा मी आत्ता बघायला तयार आहे. कमलाबाई डायनासोरला म्हणतायत, "अरे, आधी वाटीभर खोबरं खवून घे."

मडगावची माया

एक शंका. इथे सगळे फुगा म्हणतायत, पण या सिनेमाबद्दल बोलताना बरेच लोक रेक्सचा 'फ्लोट' म्हणतात. फ्लोट म्हणजे चाकांवरचा तो ना? आमच्या गोव्यात कार्निव्हलचे असतात, पहिल्यावर किंग मोमो बसलेला असतो. शिगम्याला तेच, पण आम्ही त्यांना चित्ररथ म्हणतो. भाषा तीच, गाडी तीच, फक्त सण बदलला की नाव बदलतं.

हडसनकाठचा

मायाताई, बरोबर ओळखलंत. रेक्स फ्लोट नव्हता, फुगाच होता. मेसीजच्या परेडमध्ये दोन्ही असतात आणि दोन्हींची दुखणी वेगळी.

मी हडसनच्या या बाजूला राहतो म्हणून थोडं माहीत आहे. चित्ररथ न्यूयॉर्कात बनतच नाहीत, न्यू जर्सीत बनतात. पूर्वी कार्यशाळा होबोकनला टूट्सी रोल गोळ्यांच्या जुन्या कारखान्यात होती, २०११ पासून मूनाकीला आहे. (गोगलगाय, तुम्ही जर्सी सिटीत होतात तेव्हा तुमच्या शेजारच्या गावातच चालू होतं हे सगळं.) आता तीन-चार मजली रथ मॅनहॅटनला न्यायचा कसा? नदीखालून लिंकन टनेलमधून. टनेलची उंची-रुंदी ठरलेली. म्हणून प्रत्येक रथ असा बांधतात की त्याच्या घड्या घालून तो साडेबारा फूट उंच आणि आठ फूट रुंद झाला पाहिजे. बुरुज खाली सरकतो, पंख मिटतात, झाडं आडवी होतात. रात्री पलीकडे पोचलं की पुन्हा उलगडायचं. त्यामुळे रथाला जपावं लागतं बोगद्यापासून.

फुग्याला वाऱ्यापासून. तो घडी घालून आणतात आणि आदल्या संध्याकाळी भरतात. त्यानंतर त्याचं नशीब.

कडू कारलं

एवढं इंजिनिअरिंग पुलांवर खर्च केलं असतं तर.

हडसनकाठचा

पूलही आहेत हो. त्यांच्यावरून जायचा टोल भरून बघा एकदा.

गोगलगाय

हडसनकाठचे, आदल्या संध्याकाळी फुगे भरतात ती जागा माहीत आहे ना? ७७ वा आणि ८१ वा रस्ता, मध्ये नॅचरल हिस्टरी म्युझियम! म्हणजे सिनेमातला रेक्स ज्या म्युझियमकडे निघाला होता, त्याच्याच कुशीत फुग्याच्या रेक्सने रात्र काढली असणार. आत खऱ्या टी-रेक्सची हाडं, बाहेर जाळ्याखाली हवेचा टी-रेक्स. हे मला मोठी झाल्यावर कळलं आणि बाबांचं "रात्रभर जागा होता" आठवून हसू आलं. त्यांना अर्थातच काही माहीत नव्हतं, थाप मारली होती.

पिंगुळीचा पाहुणा

छान धागा. मी बाहुल्यांच्या अंगाने थोडं लिहितो.

या फुग्यांची कल्पना टोनी सार्ग या कळसूत्री बाहुल्यांच्या कलाकाराची. जन्म ग्वाटेमालात, पुढे न्यूयॉर्कात नाव काढलं. कळसूत्री बाहुलीत माणूस वर आणि बाहुली खाली असते. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या असा खेळ करतात, दोऱ्या वरून खाली. सार्गने तीच गोष्ट उलटी केली. बाहुली वर आकाशात, दोऱ्या खाली आणि नाचवणारी माणसं रस्त्यावर. १९२७ ला फेलिक्स नावाचं मांजर आलं, फुगे बनवले ओहायोतल्या अॅक्रनच्या गुडइयर कंपनीने, टायरवाली.

पण बाहुलीवाल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: वरून धरलेली बाहुली तुमचं ऐकते, कारण वजन तिला खाली ओढतं आणि तुम्ही वर. खालून धरलेली बाहुली वाऱ्याचं ऐकते. तुम्ही फक्त विनंती करू शकता.

चष्मिष्ट

वा! हे शेवटचं भारी आहे.

यात भर: सुरुवातीच्या काही वर्षांत परेड संपली की फुगे चक्क सोडून द्यायचे. कुणाला सापडला आणि परत आणून दिला तर बक्षीस. १९३२ मध्ये एका शिकाऊ बाई वैमानिकाने विमान घेऊन एका मांजराच्या फुग्यावर झडप घातली, कापड पंखाला गुंडाळलं आणि विमान गिरक्या खात खाली यायला लागलं. कसंबसं सावरलं. त्यानंतर फुगे सोडायचं बंद.

सोनचाफा

बक्षिसासाठी विमान?! आमच्याकडे गोविंदा निदान पायांवर उभे राहतात.

वसईवाला

फुग्यांच्या आधी काय होतं मग? १९२७ च्या आधीही परेड होती ना?

हडसनकाठचा

१९२४ पासून. आणि इथेच माझ्या मते या धाग्याचा खरा गाभा आहे. पहिल्या वर्षी सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून खरे प्राणी आणले होते. हत्ती, उंट, अस्वलं. १४५ व्या रस्त्यावरून थेट ३४ व्यापर्यंत चालवले. डरकाळ्या ऐकून लहान मुलं घाबरायची. मग खरे प्राणी बंद झाले आणि त्यांच्या जागी फुगे आले.

आता सिनेमा आठवा. खरे डायनासोर खोटे बनून नाचतात तोवर गर्दी टाळ्या वाजवते. खरे आहेत हे कळलं की पळते. लेखकाला हा इतिहास माहीत होता की नाही कोण जाणे, पण बसतं मात्र फिट्ट.

गोगलगाय

अगदी! हेच मला इतकी वर्षं नीट म्हणता येत नव्हतं. मी रडले ती फुगा फाटला म्हणून नाही. तो फुगा आहे हे दिसलं म्हणून. तोवर माझ्यासाठी तो डायनासोर होता.

कडू कारलं

ठीक आहे, भावना पोचल्या. पण मुद्दा सोडू नका. पहिल्या परेडचं नाव काय होतं? 'मेसीज ख्रिसमस परेड'. थँक्सगिव्हिंगला ख्रिसमसची परेड का? तर ख्रिसमसची खरेदी सुरू व्हावी म्हणून. दुकानानेच काढलेली मिरवणूक आहे ती, शेवटी सांताक्लॉज येतो आणि तो थेट दुकानाच्या दारात. १९३९ ला तर रूझवेल्टने सणच आठवडाभर अलीकडे ओढला, व्यापाऱ्यांना विक्रीला दिवस जास्त मिळावेत म्हणून. ३० नोव्हेंबरचा २३ केला. अर्ध्या राज्यांनी ऐकलं, अर्ध्यांनी नाही. शेवटी १९४१ ला कायदा करून चौथा गुरुवार पक्का करावा लागला. आपल्याकडे तिथीवरून वाद होतात, त्यांच्याकडे सेलवरून.

पार्ल्याचा काका

कारलेबुवा, तुमचं सगळं खरं आहे आणि तरी मला पटत नाही. गिरगावातल्या गणपतीला पडद्यामागे कापडाच्या गिरणीचं नाव असायचं, स्मरणिकेत मसाल्याच्या जाहिराती असायच्या. आम्ही देखावा बघायला जायचो, गिरणी बघायला नव्हे. गिरणी गेली, देखावा डोळ्यांसमोर आहे.

कडू कारलं

काका, गिरणी गेली हे तुम्ही सहज म्हणालात. असो. तो वेगळा धागा होईल.

मडगावची माया

+१ दोघांनाही. आमच्याकडे कार्निव्हलच्या फ्लोटमध्ये प्रायोजकांचे वेगळे आणि पारंपरिक वेगळे असे गट असतात. लोक दारूच्या कंपनीच्या फ्लोटवर नाचतात आणि टाळ्या मासे पकडणाऱ्या होडीच्या फ्लोटला देतात. पोरांना सगळं कळतं.

एडिसनची सून

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी. माझी ऑफिसातली मैत्रीण दोन वर्षं फुग्याची दोरी धरायला जायची (स्वयंसेवक). तिच्याकडून ऐकलेलं: वजन किमान १२० पौंड हवं, म्हणजे साधारण ५४ किलो. नाहीतर फुगाच तुम्हाला घेऊन जाईल! मोठ्या फुग्याला ८०-९० माणसं लागतात. पुढे एक जण उलटा चालत असतो, फुग्याकडे तोंड करून, शिट्टी आणि हातवारे. आपल्या लेझीमच्या पथकात पुढे एक जण असतो ना तसा. वळणावर सगळ्यात धोका, कारण चौकात वारा चारी बाजूंनी येतो.

वाऱ्याचे आता कडक नियम आहेत. सलग वारा ताशी २३ मैलांच्या वर किंवा झोत ३४ च्या वर गेले तर मोठे फुगे उडवायचेच नाहीत. पोलीस आणि हवामानवाले सोबत असतात. हे नियम १९९७ नंतर आले. त्या वर्षी कॅट इन द हॅटचा फुगा सेंट्रल पार्कजवळ दिव्याच्या खांबावर आदळला, खांबाचा तुकडा एका बाईच्या डोक्यात पडला आणि ती कित्येक दिवस कोमात होती. त्यानंतर फुग्यांच्या आकारावरही मर्यादा घातली.

हडसनकाठचा

आणि १९९३ ला, म्हणजे रेक्सच्याच दिवशी, सॉनिकचा फुगा कोलंबस सर्कलला खांबावर आदळला होता. व्हिडिओ गेममधल्या पात्राचा तो पहिलाच फुगा. ड्युटीवर नसलेला एक पोलीस जखमी झाला. त्या दिवशीचा वारा गोगलगाय यांनी थालीपीठाच्या कागदावरून बरोबर मोजलाय.

गोगलगाय

हे ऐकून आत्ता अंगावर काटा आला. आम्ही किती निवांत उभे होतो तिथे. आईला सांगितलं तर म्हणेल, "मी तेव्हाच म्हणाले होते घरी चला."

वसईवाला

वारा जास्त असेल तर परेडच रद्द का नाही करत?

एडिसनची सून

परेड नाही, फुगे रद्द होतात. १९७१ ला वाऱ्यामुळे एकही फुगा उडाला नव्हता. १९५८ ला तर उलटी गंमत, वारा नाही पण हेलियमची टंचाई. मग साधी हवा भरली आणि फुगे क्रेनला टांगून नेले.

पिंगुळीचा पाहुणा

१९५८! म्हणजे एका वर्षासाठी बाहुल्या पुन्हा वरून दोरी लावून नेल्या. सार्ग १९४२ ला गेला होता, नाहीतर हसला असता.

चष्मिष्ट

त्याच १९४२ पासून तीन वर्षं परेडच नव्हती, महायुद्धामुळे. फुग्यांचं रबर सैन्याला देऊन टाकलं.

बरं, मूळ प्रश्नाकडे. सिनेमा का आठवत नाही? मी परवा पुन्हा पाहिला. सव्वा तासापेक्षाही छोटा आहे आणि त्यात तीन सिनेमांचा ऐवज कोंबलाय. चार दिग्दर्शक होते, ते जाणवतं. म्युझियम, सर्कस, परेड, इच्छा, एकटी मुलं, सगळं धावत धावत. त्यातला एकच भाग श्वास घेतो, परेडचा. रेक्स गातो, रस्ता नाचतो, जेम्स हॉर्नरचं संगीत. त्या तीन-चार मिनिटांत सिनेमाला नेमकं काय म्हणायचंय ते कळतं. बाकी वेळ तो धापा टाकत असतो. त्यामुळे तुम्हाला फुगाच आठवतो यात नवल नाही. तुम्ही सिनेमाचा सगळ्यात चांगला प्रसंग रस्त्यावर पाहिलात, तोही शेवटासकट.

कडू कारलं

हे मान्य. समीक्षा म्हणून मान्य.

सोनचाफा

नोंद घ्या रे कुणीतरी. कारलं गोड झालं.

पार्ल्याचा काका

गोगलगाय, फोटो नाही का त्या दिवसाचा? तेव्हा रोल घालायचे कॅमेरे होते, तुमच्या बाबांनी काढला असेलच.

गोगलगाय

काका, तुमच्यामुळे आज आईला फोन केला. तिने पलंगाखालची ट्रंक उपसली आणि मघाशी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. रोलमध्ये परेडचे चारच आहेत. एकात बँडची पाठ, एकात फक्त आकाश आणि दिव्याचा खांब, एकात मी तोंड वाकडं करून रडतेय आणि आई हसतेय.

चौथ्यात वरच्या कोपऱ्यात केशरी शेपटी आहे. मागे आईच्या अक्षरात लिहिलंय, "हत्ती. न्यूयॉर्क."